नळ गेल्यावर नंबर राहील का?

तंत्रज्ञान बंद पडलेलं शहर म्हटलं की कलादिग्दर्शकाच्या डोळ्यांपुढे सगळ्यात आधी वेली येतात. मेट्रोच्या खांबांवर चढलेल्या, मॉलच्या काचा फोडून आत शिरलेल्या, हिरव्यागार, ओल्या. आमच्या मालिकेसाठी मुंबईहून जी चित्रं करून आली, त्यांत वर्धा रोडवरचा मेट्रोचा पूल घनदाट जंगलातून जात होता आणि झिरो माईलचे चार घोडे गुडघाभर शेवाळात उभे होते. चित्रं देखणी होती, फक्त नागपूरची नव्हती. २०१३ च्या मे महिन्यात आमच्याकडे पारा ४७.९ वर गेला होता. इथून माणसं निघून गेली तर त्यांच्या मागे गाजरगवत येईल, बेशरम येईल, रुई आणि सुबाभूळ येईल, आणि एप्रिल लागला की त्यातलंही निम्मं वाळून नुसता फुफाटा उडेल. उजाड नागपूर पिवळं दिसेल. एवढ्या एका रंगावर आमचा अख्खा व्हिडिओ कॉल गेला. कॅमेरामन नशिबाने अकोल्याचा निघाला, त्याने बाजू घेतली, म्हणून पिवळं मंजूर झालं.

आठ भागांची मालिका आहे. मी आणि माझा सहलेखक मिळून लिहितो आहोत. तो उत्तर नागपुरातला, वयाने माझ्याहून बराच लहान आणि संवादांत माझ्याहून तरबेज. काळ असा की वीज, मोबाईल, पेट्रोल, बँक यांतलं काही म्हणता काही चालत नाही, आणि पुन्हा चालू होईल ही आशाही लोकांनी जवळजवळ सोडून दिली आहे. विषय नवा नाही. लोक अचानक यंत्रं फोडत सुटतात अशी मालिका ब्रिटिश टीव्हीवर १९७५ सालीच येऊन गेली, आणि तेव्हापासून कोणी ना कोणी हा डाव नव्याने मांडतंच आहे. आता त्याचा साचा ठरून गेलाय. एक रिकामा हायवे, एक बंदूक, एक कुत्रा, तटबंदीतलं एक गाव आणि त्या गावाचा गोड बोलणारा हुकूमशहा. अमेरिकेत ते खपतं, कारण तिथे बंदूक घरात असते आणि शेजारी लांब असतो. आमच्याकडे लाइन गेली तर माणूस बंदूक शोधत नाही. गॅलरीत येऊन 'तुमच्याकडे आहे का हो?' म्हणून ओरडतो, आणि दोघांकडेही नाही हे कळलं की दोघांनाही जरा बरं वाटतं.

चॅनेलला मात्र कारण हवं होतं. सगळं बंद का पडलं? हॅकर घ्या, शत्रूराष्ट्र घ्या, सूर्यावरचं वादळ घ्या. सूर्यावरचं वादळ मला आधी आवडलं होतं, कारण त्याला इतिहास आहे. १८५९ च्या सप्टेंबरात असं वादळ पृथ्वीवर आदळलं तेव्हा तारयंत्रावर बसलेल्या माणसांना झटके बसले, आणि काही ठिकाणी बॅटरी काढून टाकल्यावरही तारा जात राहिल्या. १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडातला क्यूबेक प्रांत अशाच वादळाने नऊ तास अंधारात गेला, साठेक लाख लोक. मी हे सगळं मोठ्या उत्साहाने शेजारच्या काकांना सांगितलं. काका औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले. आमच्या गच्चीवरून कोराडीच्या चिमण्या दिसतात, आणि काका रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बघतात, कुठल्या चिमणीतून धूर नाही हे तपासत. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ध्रुवाकडच्या लोकांचं दुखणं आहे बाई. आपण कर्कवृत्ताच्या खाली. आपल्याला त्याचा तेवढा धक्का नाही बसत. आणि तुम्ही वीज जाण्याच्या मागे काय लागल्या? वीज जाणं सोपं असते. परत आणणं हा खरा पिक्चर आहे."

त्यानंतर काही संध्याकाळी मी वही घेऊन त्यांच्याकडे बसले. २०१२ च्या ३० जुलैला पहाटे उत्तरेचं ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारं जाळं, कोसळलं आणि ३१ ला दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिडं गेली, साठ कोटींहून जास्त लोक. पश्चिमेचं ग्रिड वाचलं, म्हणून नागपुरात आपण पंख्याखाली बसून दिल्लीची बंद पडलेली मेट्रो टीव्हीवर बघत होतो. काका त्या दिवशी ड्युटीवर होते. उत्तरेकडे जाणारी वीज एकदम तुटल्याने इकडे ती जास्त झाली आणि विजेची फ्रिक्वेन्सी, जी पन्नास हर्ट्झच्या आसपास राहायला हवी, ती वर चढली. "काटा वर चढताना पाहिला ना, का पोटात गोळा येते. खाली जाताना सवय असते."

पण मालिकेला जे मिळालं ते वेगळंच होतं. औष्णिक केंद्राला सुरू व्हायलाच वीज लागते, हे किती जणांना माहीत असेल? कोळसा दळणाऱ्या मिल, बॉयलरला हवा देणारे पंखे, पाण्याचे पंप, सगळं विजेवर. ग्रिड मेलं की केंद्र स्वतःला उठवू शकत नाही. बाहेरून, बहुधा एखाद्या धरणावरच्या जलविद्युत केंद्रातून, वीज आणून त्याला जागं करावं लागतं. आणि तोवर आत काय चालतं? टर्बाइनचा शाफ्ट शेकडो अंश तापलेला असतो. तो थांबला आणि तसाच पडून राहिला तर वरची बाजू गरम, खालची थंड, आणि शाफ्ट वाकतो. म्हणून थंड होईपर्यंत त्याला सावकाश फिरवत ठेवायचं असतं. पापड भाजताना हात थांबला की काय होतं, तसं, असं काका म्हणाले. फिरवणारी मोटर बंद असेल, तर बॅटरीवरचा पंप बेअरिंगला तेल देत राहतो आणि माणसं लोखंडी दांडा लावून शाफ्ट हाताने फिरवतात. थोडं फिरवायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. रात्रभर. शेकडो मेगावॅटचं यंत्र, आणि घामाने निथळणारे चार जण त्याला ढकलताहेत. बॅटरी संपायच्या आत शाफ्ट थंड व्हायला हवा, एवढीच घाई.

हा प्रसंग पहिल्या भागात आहे. दिग्दर्शकाने विचारलं, यात स्फोट कुठे आहे? मी म्हटलं, स्फोट नाही, शाफ्ट वाकला नाही हीच बातमी आहे. त्याला ते पटायला वेळ लागला. पण काकांनी दांडा कसा धरायचा ते गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या बांबूवर करून दाखवलं आणि त्याचा व्हिडिओ पाठवला, तेव्हा त्याचा फोन आला.

कारणाचं मग काय झालं? आम्ही मोठा धमाका काढून टाकला. आमच्या नागपुरात तंत्रज्ञान सुट्या भागांअभावी मरतं. मोठे ट्रान्सफॉर्मर ऑर्डर देऊन घडवून घ्यावे लागतात आणि हातात यायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. ते येणं थांबलं. मग एक जळाला, त्याचा भार दुसऱ्यावर गेला. सावनेर-सिल्लेवाड्याच्या भूमिगत खाणींतले पंप थांबले आणि खाणीत पाणी भरलं. शहराच्या अंगणात कोळसा आहे, पण तो पाण्याखाली आहे. ही संथ पडझड टीव्हीला अवघड जाते, हे मान्य. पण विदर्भातल्या माणसाला ती ओळखीची आहे. भारनियमनाची वर्षं अजून कोणी विसरलेलं नाही. शेतीची लाइन रात्रीची असली की कापडी टोपी आणि बॅटरी घेऊन ओलिताला निघालेला शेतकरी, मनात सापाची भीती, हे तर आजचंच चित्र आहे. रेशनच्या दुकानात ज्या म्हातारीचा अंगठा मशीन ओळखत नाही, तिच्यापुरतं तंत्रज्ञान त्या दिवशी बंदच असतं. मालिकेत आम्ही फक्त तिची रांग लांब केली.

दुसरा भाग लिहिताना एक गोष्ट लवकर ठरली. शहर सोडायची वेळ आली तर आमची माणसं अनोळखी जंगलात जाणार नाहीत, गावी जातील. प्रत्येकाचं एक गाव असतं, निदान आजोळ तरी. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये याची रंगीत तालीम सगळ्यांनी बघितली आहे. हैदराबादकडून पायी आलेले मजूर नागपूर ओलांडून मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, छत्तीसगडकडे जात होते. देशाचे उभे-आडवे रस्ते इथेच एकमेकांना छेदतात, त्यामुळे सगळा देश आमच्या बाहेरच्या रिंगरोडवरून चालत गेला म्हणायला हरकत नाही. लोकांनी रस्त्यावर मंडप टाकून त्यांना जेवू घातलं, चपला दिल्या. त्याच महिन्यात कितीतरी गावांनी वेशीवर बाभळीच्या काट्या आणि बैलगाड्या आडव्या लावून बाहेरच्यांना बंदी केली. दोन्ही करणारी माणसं साधीच होती. टोळीयुद्धं दाखवण्यापेक्षा हे दाखवणं मला जास्त खरं वाटतं: मंडप आणि काट्या एकाच रस्त्यावर, आणि कधी कधी एकाच घराने दिलेल्या.

आता विहिरीचं सांगते, कारण सगळी मालिका तिथेच येऊन ठेपली.

दिग्दर्शकाला तिसऱ्या भागात एक प्रसंग हवा होता. नळ कोरडे पडलेत. महाल या नागपूरच्या जुन्या भागातल्या एका वाड्याचे मालक विहिरीवरची लोखंडी जाळी कापतात, गाळ उपसतात, आणि सगळी वस्ती पाण्याला येते. रहाटाचा आवाज, बायकांचं हसणं, मागे बासरी. माणसं पुन्हा एकत्र आली, असा भाव. भोसलेकाळातल्या विहिरी महालात अजून आहेत. महापालिका उन्हाळ्याच्या तोंडावर शहरातल्या विहिरींचा गाळ काढतेही, त्यातून निर्माल्य आणि प्लास्टिक किती निघतं ते बघवत नाही. म्हणजे प्रसंग होण्यासारखा होता. मी लिहायला घेतला आणि सहलेखक म्हणाला, घरी चला, आजीला वाचून दाखवू. तिचं मत पटकथेवर घ्यायची त्याची पद्धतच आहे.

आजीने पलंगावर बसून ऐकलं. मधे एकदा सुपारी मागितली. संपल्यावर म्हणाली, "मंग आमी कितव्या नंबरले?"

मला आधी कळलं नाही. मग तिने सांगितलं. तिचं माहेर उमरेडकडचं. गावच्या विहिरीला यांच्या वस्तीने हात लावायचा नाही, आपला गुंड, म्हणजे पाण्याचं भांडं, घेऊन खाली बसायचं. "खाली गुंड ठेवून बसाचं. सकाळपासून बसाचं. कोणाच्या मनात आलं त वरून वतत. नाई आलं त नाई." लग्न होऊन ती नागपूरला आली, गिरणी कामगाराच्या घरी. गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता. "इथं भांडणं लय. बाया केस वढत एकमेकीचे. पण नंबर होता. माह्या बकेटीचा नंबर आला त माहीच बकेट लागे. मंग कोणी काई म्हनो."

घरी येईपर्यंत मी त्या वाक्यातून बाहेर आले नाही. शहरात पाणी आणायच्या इतिहासात अंबाझरी, गोरेवाडा, कन्हान, पेंच अशी नावं येतात, जलवाहिन्यांचे व्यास येतात. पण पेंचचं पाणी नवेगाव खैरीहून उत्तर नागपुरातल्या इंदोऱ्याच्या गल्लीपर्यंत आलं तेव्हा त्याबरोबर बादल्यांची रांगही आली, ही गोष्ट कुठल्या अहवालात नाही. विहीर कोणाची तरी असते. नळ कोणाचाच नसतो, म्हणून तिथे रांग लागू शकते. आणि रांगेत कोण कोणाच्या मागे उभं राहणार हे बादली ठरवते.

तंत्रज्ञान आलं की समता आली, असं मला म्हणायचं नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत दलित कामगारांना विणखात्यात घेत नसत, कारण धाग्याचं टोक तोंडाने ओढावं लागे आणि तो विटाळ बाकीच्यांना चालत नसे. माग इंग्लंडचा, विटाळ इथला. महाडचं चवदार तळं नगरपालिकेने कागदावर सर्वांना खुलं केलं होतं, तरी २० मार्च १९२७ ला हजारो लोकांना चालत जाऊन ते पाणी ओंजळीत घ्यावं लागलं. पण वाट फुटली ती अशाच फटींतून. १८६७ ला रेल्वे नागपुरात आली, १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि ज्यांना गावात वरून ओतलेल्या पाण्याची वाट बघावी लागे, त्यांच्यातल्या पुष्कळांना भोंग्यावर हजर होऊन पगार घेता यायला लागला. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्यांबद्दल जे कडक शब्द काढले, संकुचितपणा आणि अज्ञान यांची गुहा असं ज्याचं वर्णन केलं, ते लोकांना आजही खटकतं. ज्यांना खटकतं त्यांनी आजीशेजारी पाच मिनिटं बसावं. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे लाखो लोक आले, त्यांतले कितीतरी याच गिरण्यांच्या आणि रेल्वेच्या वस्त्यांमधले होते. अशा शहरात बसून 'सगळं बंद पडलं आणि माणसं पुन्हा निसर्गाकडे, पुन्हा गावगाड्याकडे वळली' अशी हळवी मालिका लिहिणं मला जमणार नाही. बारा बलुतेदारांची व्यवस्था वीज नसतानाही चालत होती, हे खरंच आहे. ती कोणाच्या जिवावर चालत होती, ते दाखवल्याशिवाय तिला पडद्यावर आणायचं नाही, एवढं आम्ही दोघांनी ठरवलं.

म्हणून वाड्याची विहीर राहिली, बासरी गेली. आता तिसऱ्या भागात पहिल्या दिवशी रांग लागते, बादल्यांची, नळावर लागायची तशीच, सवयीने. चौथ्या दिवशी वाड्याच्या सूनबाई अगदी गोड आवाजात म्हणतात, गर्दी फार होते, तुमच्याकडच्या लोकांनी संध्याकाळी यावं. कोणी कोणाला जातीचं नाव घेऊन काही बोलत नाही. सगळ्यांना कळतं. इंदोऱ्याहून आलेली पोरगी आपली बादली उचलत नाही, तिथेच ठेवते आणि शेजारी बसते. भाग तिथे संपतो. पुढे काय होतं ते सांगत नाही, चॅनेलशी करार आहे.

गटारांचा प्रश्न यापेक्षा कठीण आहे आणि तो लिहिताना आम्ही दोघंही चिडलो. पाणी नाही म्हणजे मैलाही वाहत नाही. पंप बंद, भांडेवाडीचं शुद्धीकरण केंद्र बंद, चेंबर तुंबलेले. हाताने मैला साफ करायला लावण्यावर १९९३ ला एक कायदा झाला, २०१३ ला दुसरा, आणि आज यंत्रं असतानाही माणसं चेंबरमध्ये उतरून मरतात. यंत्रं गेल्यावर काय होईल याची कल्पना करायला लेखक लागत नाही. पश्चिम नागपुरातल्या एका सभ्य कॉलनीत मीटिंग भरते. ताटात फुटाणे आहेत, कोणीतरी आठवणीने काकूंना खुर्ची देतं. अध्यक्ष फार संकोचून आमच्या नायकाकडे वळतात. तो तिथला भाडेकरू, बँकेत होता. अध्यक्ष विचारतात, "तुमच्या ओळखीत कोणी आहे का?" हे वाक्य सहलेखकाने लिहिलंय. त्याला ते सुचावं लागलं नाही, ऐकलेलं आहे. चॅनेलच्या माणसाने विचारलं, यात भांडण कुठाय, तो तर फक्त मदत मागतोय. सहलेखक त्यावर काही बोलला नाही, मीही नाही. प्रसंग तसाच आहे.

शूटिंगची गंमत वेगळी. विजेविना जगणाऱ्या माणसांची गोष्ट टिपायला आमच्यामागे दोन जनरेटर व्हॅन धडधडत असतात आणि साउंडवाला त्यांना गल्लीच्या पार पलीकडे उभं करायला लावतो. रात्रीचे प्रसंग कंदिलाच्या उजेडात घ्यायचे ठरले. आताच्या कॅमेऱ्यांना तेवढा उजेड पुरतो, पण फोकस ओढणाऱ्या पोराचा जीव जातो. इतवारीत कंदील शोधायला गेलो तर दुकानदाराने दाखवले ते सगळे चार्जिंगचे. काचेची चिमणी असलेला खरा कंदील शेवटी भंगारवाल्याकडे मिळाला, आणि त्याची वात कापायची कशी हे युनिटमध्ये एकालाच माहीत होतं, झाडीपट्टीतून आलेल्या नटाला.

झाडीपट्टीची माणसं घ्यायची हा आमचा हट्ट होता आणि तो फळला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकं चालतात, वडशाला कंपन्यांची कार्यालयं आहेत, आणि प्रयोग रात्री उशिरा उघडतो तो पहाटेपर्यंत. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, किंवा मंडई म्हणजे गावची जत्रा असली की गावात पाहुणे, आणि पाहुण्यांना जेवणानंतर नाटक. आमचा नट त्या थंडीत उघड्या मंडपात शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवत आलेला. पहिल्या शॉटला दिग्दर्शक म्हणाला, जरा हळू, हा क्लोजअप आहे. त्याने हळू केलं. मग मी सातव्या भागातला प्रसंग वाचायला दिला. माईक नाही, रेडिओ नाही, आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून बोलत होतं ते गप्प आहे, आणि कस्तुरचंद पार्कवर जमलेल्या लोकांना कोणीतरी पाण्याचे नवे नियम सांगायचे आहेत. तो मैदानावर गेला आणि एकदाच म्हणून दाखवलं. रस्त्यापलीकडचा चहावाला टपरीतून बाहेर येऊन उभा राहिला. मुंबईहून आलेल्या नटांचे चेहरे बघण्यासारखे होते, त्यांच्या गळ्याला लेपल माईकची इतकी सवय.

मारबतीचा एक तुकडा आहे, तो थोडक्यात सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचे मोठे पुतळे, मिरवत निघते आणि त्यांच्याबरोबर बडगे, त्या वर्षीच्या पीडेचे पुतळे. महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा. आमच्या काळात बडगा कशाचा निघेल? मोबाईल टॉवरचा, हे चॅनेलने सुचवलं आणि पहिल्यांदाच आम्हाला त्यांचं पटलं. फक्त त्यांना वाटत होतं की लोक तो आनंदाने जाळतील. आमच्या प्रसंगात 'घेऊन जा गे मारबत' म्हणत जाळतात, आणि गर्दीतला एक मोबाईल दुरुस्तीवाला पोट्टा पुतळ्यात लावलेला खरा अँटेना आधी काढून घ्यायला धावतो. पुढे लागेल म्हणून.

शेवटच्या भागावर अजून वाद चालू आहे. वीज परत यावी हे सगळ्यांना मान्य आहे. चॅनेलला शहरभर एकदम दिवे लागायला हवेत, ड्रोनमधून, वाढतं संगीत. काका हे ऐकून हसले. वीज अशी येत नाही. आधी तोतलाडोहचं जलविद्युत केंद्र उठेल, १६० मेगावॅटचं. त्यातले दोन हिस्से मध्य प्रदेशाचे, एक महाराष्ट्राचा, म्हणजे जग बुडाल्यावरचं पहिलं भांडण आंतरराज्य असणार, हेही त्यांनीच सुचवलं. मग ती वीज तारेने खापरखेडा-कोराडीला न्यायची, तिथला एक संच जागा करायचा, त्यात तास जातात. भार थोडा जरी चुकीचा टाकला तर सगळं परत बसतं. आणि शहराला द्यायला सुरुवातीला जेमतेम काही मेगावॅट उरतात. कुठे किती वीज जाईल ते सांभाळणाऱ्या अंबाझरीच्या भार प्रेषण केंद्रात बसलेल्या माणसाने ठरवायचं, पहिला फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज देणारी लाइन, कोणाचा. पाण्याचे पंप? मेडिकलचं हॉस्पिटल? रेल्वे? की ज्याचा फोन आला त्याची कॉलनी? फोन येऊ शकतो, कारण विजेच्या तारांवरूनच चालणारी त्यांची स्वतःची फोनव्यवस्था असते आणि ती बॅटरीवर तग धरते.

"आमच्याकडे यादी असते ना," काका म्हणाले. "कोणाला आधी, कोणाला नंतर, लिहून ठेवलेलं असते. शिफ्ट इंजिनिअर यादी बघते, ब्रेकर लावते, रजिस्टरमध्ये वेळ टाकते, सही करते." त्यांनी मला रजिस्टरच्या पानाचे रकाने आखून दिले: वेळ, फीडर, मेगावॅट, सही, शेरा.

तोच प्रसंग आम्हाला हवा आहे. टेबलावर यादी, फोन वाजतोय, इंजिनिअर बाई फोन उचलते, पलीकडचा आवाज आपल्या कॉलनीचं नाव सांगतो, ती 'तुमचा नंबर सत्तावीस' म्हणते आणि पंपाचा फीडर लावते. दिग्दर्शकाच्या मते याला चाळीस सेकंद पुष्कळ झाली. मी सहा मिनिटं मागितली आहेत, कारण ती यादी बोट ठेवून वाचताना दिसली पाहिजे. सहलेखकाचं म्हणणं, ब्रेकर लावल्यावर तिला रजिस्टरमध्ये सगळे रकाने भरू द्या, शेऱ्यासकट. सध्या साडेतीन मिनिटांवर गाडी अडली आहे आणि ड्रोनचं बुकिंग अजून कोणी रद्द केलेलं नाही.